कुंडीतला हॉप्स आजारी पडला, तर औषधाआधी मुळं बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बागकामाच्या पानावर सध्या परदेशातल्या मराठी वाचकांचे प्रश्न छापून येतात. त्यांत ब्रिटनमधून कुंडीतल्या हॉप्सविषयी (ज्याच्या फुलांचे शंकू बिअरला कडवटपणा आणि वास देतात तो वेल) आलेले प्रश्न जवळपास एकाच स्वरूपाचे आहेत: पानं पिवळी पडली, वेलाने मान टाकली, आता कोणतं औषध मारू? उत्तरादाखल इतर वाचकांनी खत वाढवा, पाणी वाढवा, बुरशीनाशक फवारा असे सल्ले दिले आहेत. हे सल्ले पाळले तर अर्धमेला वेल आठवड्याभरात पुरता मरेल. कुंडीतला हॉप्स बहुतेक वेळा रोगाने मरत नाही. लहान कुंडी आणि साचलेलं पाणी त्याला मारतं, आणि रोग मागून येतो. हॉप्सच्या मुलखात, केंटमध्ये, राहून जे काम रोज पाहायला आणि करायला मिळतं त्या आधारावर हे पत्र लिहीत आहे.

मुळात हा वेल केवढा आहे याचा अंदाज कुंडी घेणाऱ्याला नसतो. हॉप्स भांगेच्या कुळातला. जमिनीखालचा गड्डा वर्षानुवर्षं जगतो, वरचा वेल मात्र दर हिवाळ्यात वाळून जातो आणि वसंतात शून्यापासून पुन्हा चढतो. फगल किंवा गोल्डिंगसारखा उंच वाण चार महिन्यांत सहा-सात मीटर जातो. एवढी वाढ पेलायला मुळांनाही तेवढीच जागा लागते. दुकानात हा वेल दोन-तीन लिटरच्या कुंडीत विकायला असतो, आणि घरी आणून लोक तो फार तर पंधरा लिटरच्या कुंडीत हलवतात. जुलैपर्यंत त्यात माती कमी आणि मुळांची गुंतवळच जास्त उरते.

उंच वाणाला किमान 60 लिटरची आणि निदान 45 सेंटिमीटर खोल कुंडी हवी. जुना अर्धा पिंप उत्तम. तळाला 12 मिलिमीटरची सहा ते आठ भोकं पाडावीत आणि कुंडी विटांवर दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवावी. फरशीला टेकलेल्या कुंडीची भोकं असून नसल्यासारखी. जागा कमी असेल तर ठेंगणा वाणच घ्यावा. केंटमधल्याच वाय कॉलेजने काढलेला ‘फर्स्ट गोल्ड’ अडीच मीटरच्या आसपास थांबतो, त्याला 40 लिटर पुरतात आणि बाल्कनीत शिडी लावावी लागत नाही. घरगुती कुंडीसाठी यापेक्षा चांगला वाण नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मातीच्या मिश्रणात तीन भाग जॉन इनेस नंबर 3 (ब्रिटनमध्ये तयार मिळणारं मातीयुक्त मिश्रण), एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक भाग पर्लाइट किंवा 6 मिलिमीटरची खडी घ्यावी. नुसतं कोकोपीट किंवा नुसतं पिशवीतलं कंपोस्ट नको. दुसऱ्या वर्षी ते बसतं, त्यातली हवा जाते आणि वर कोरडं, खाली चिखल अशी अवस्था होते. मातीचा सामू (पीएच) 6 ते 6.5 असावा. मूळखोडाचा तुकडा लावायचा असेल तर तो 10 ते 15 सेंटिमीटर लांब, निदान दोन डोळे असलेला घ्यावा, डोळे वर करून आडवा ठेवावा आणि वर पाच सेंटिमीटर माती घालावी. लावणीचा काळ मार्च.

बियांपासून हॉप्स लावू नये. नर आणि मादी वेल वेगळे असतात. लुपुलिनची, म्हणजे कडवट राळेची, पिवळी भुकटी भरलेले शंकू मादी वेलालाच येतात, आणि बियांतून साधारण निम्मे नर निघतात. उरलेल्या माद्याही मूळ वाणाच्या गुणाच्या नसतात. शिवाय बी काही आठवडे ओल्या थंडीत ठेवल्याशिवाय नीट रुजत नाही. मूळखोड किंवा कलमाचं रोपच घ्यावं, तेही वाणाचं नाव आणि निरोगी असल्याची खात्री देणाऱ्या रोपवाटिकेतूनच.

वसंतात गड्ड्यातून वीस-वीस कोंब एकदम फुटतात. पहिले जाडजूड, पोकळ कोंब भराभर वाढतात पण वाऱ्यात मोडतात. ते जमिनीलगत कापून टाकावेत. (फेकू नयेत. बेल्जियममधल्या पोपरिंगेत हे कोवळे कोंब लोण्यात परतून आवडीने खातात, आणि आपल्या भाजीतही छान लागतात.) मागाहून आलेले कोंब अर्धा मीटरचे झाले की कुंडीमागे फार तर चार ते सहा निवडावेत, एका दोरीवर दोन किंवा तीन, आणि बाकीचे काढावेत. दोरी नारळाच्या काथ्याची घ्यावी. हॉप्सला धरायला हाताची बोटं नसतात, खोडावर आकड्यांसारखी केसं असतात आणि ती काथ्याच्या खरबरीत धाग्यात रुततात. गुळगुळीत नायलॉनवरून वेल घसरून खाली येतो. गुंडाळताना वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच गुंडाळावा. उलटा गुंडाळलेला शेंडा दुसऱ्या दिवशी सुटलेला दिसतो आणि पुन्हा ओढाताण केली की मोडतो.

पाण्याच्या बाबतीत रोजचं माप ठरवून घेणं हीच मोठी चूक. मे महिन्यात एका दिवसाआड दोन-तीन लिटर पुरतात. जुलैच्या उन्हात भरलेला वेल दिवसाला सहा-आठ लिटर सहज पितो, आणि ढगाळ आठवड्यात त्याच कुंडीला तेवढंच पाणी घातलं तर मुळं गुदमरतात. बोट पाच सेंटिमीटर आत घालून बघावं. आपल्याकडचा शेतकरी वाफसा बघून पेरतो, तीच नजर इथे हवी: माती ओलसर, भुसभुशीत, पण हाताला चिखल लागत नाही. पाणी द्यायचं तर तळाच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत द्यावं आणि मग पुन्हा वरची माती सुकेपर्यंत हात आवरावा. बशी ठेवली असेल तर अर्ध्या तासाने ओतून टाकावी.

आता आजारी वेलाकडे. मान टाकलेला वेल दुपारी पाहून काहीच ठरवू नये. कडक उन्हात निरोगी वेलही मरगळतो. सकाळी सात वाजता पाहावा. सकाळी पानं ताठ असतील तर वेल ठीक आहे. सकाळीही मरगळलेला आणि माती कोरडी, तर पाण्याची तहान आहे. कुंडी टबात अर्धा तास बुडवून ठेवावी, कारण पूर्ण सुकलेली माती वरून घातलेलं पाणी कडेने खाली सोडून देते. सकाळी मरगळलेला आणि माती ओली, हे तिसरं लक्षण धोक्याचं. मुळं कुजली आहेत, त्यामुळे भोवती पाणी असून ती शोषू शकत नाहीत. नेमक्या याच वेलाला लोक आणखी पाणी घालतात.

अशा वेळी फवारणी, खत सगळं बाजूला ठेवून कुंडी आडवी करावी आणि मुळांचा गोळा बाहेर काढावा. दोरीवरचा वेल आधी जमिनीपासून दोन-तीन निरोगी पेरांवर कापावा. जीव वाचवायचा तर यंदाच्या शंकूंचा मोह सोडावाच लागतो. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट पिवळसर आणि टणक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी असतं. चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता धागा राहतो. वासही सडका येतो. जुनी माती पाण्याने धुऊन काढावी आणि कुजलेला भाग कापत जावं, काप पांढरा दिसेपर्यंत. प्रत्येक कापानंतर कात्रीचं पातं स्पिरिटने पुसावं. नंतर गड्ड्यालाच एक छेद द्यावा. आतला गाभा मलईसारखा पांढरा असेल तर वेल वाचतो. गाभा मधोमध तपकिरी झाला असेल तर गड्डा सोडून द्यावा आणि कडेला पसरलेल्या मूळखोडांतून दोन डोळे असलेले निरोगी तुकडे शोधावेत. बहुतेक वेळा एखादा तरी सापडतो.

कापलेला गड्डा तासभर सावलीत ठेवावा. मग तो परत 60 लिटरच्या कुंडीत लावू नये, इथे अनेक जण चुकतात. थोड्याच मुळांभोवती ढीगभर ओली माती राहिली तर ती सुकतच नाही आणि कूज परत सुरू होते. दहा-बारा लिटरची स्वच्छ कुंडी घ्यावी. ताज्या मिश्रणात पर्लाइटचं प्रमाण वाढवून तिसऱ्या हिश्श्यावर न्यावं, आणि शेणखत अजिबात घालू नये. एकदा भरपूर पाणी द्यावं आणि नंतर वरची पाच सेंटिमीटर माती सुकल्याशिवाय थेंबही नको. दहा दिवस सावली, मग सकाळचं ऊन. नव्या पानांच्या चार जोड्या आल्या की निम्म्या तीव्रतेचं पातळ खत सुरू करावं. मोठ्या कुंडीत पुढच्या मार्चमध्येच हलवावं.

गड्ड्याची खात्री नसेल तर त्याच दिवशी कापलेल्या वेलातून कलमं करून ठेवावीत. मे-जूनमधलं कोवळं पण वाकवल्यावर न मोडणारं खोड घ्यावं. प्रत्येक तुकड्याला पानांची एक जोडी आणि पेराखाली तीन सेंटिमीटर दांडा ठेवावा, पानं निम्मी कापावीत आणि पर्लाइट-कोकोपीट समसमान मिसळून त्यात खोचावं. वर पारदर्शक पिशवी, 20 ते 24 अंश तापमान आणि थेट ऊन न येणारी खिडकी असली की दोन ते तीन आठवड्यांत मुळं फुटतात.

पिवळ्या पानांचं निदान करताना पिवळेपणा कुठे आहे ते पाहावं. खालची जुनी पानं सबंध पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडतंय. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावं, पंधरा दिवसांनी पुन्हा. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. केंट आणि लंडनमध्ये हे फार दिसतं, कारण नळाचं पाणी खडूच्या थरांतून येतं आणि त्यातल्या चुन्याने कुंडीतल्या मातीचा सामू वर चढत जातो. लोह मातीत असतं पण मुळांना मिळत नाही. चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं) तात्पुरतं काम करतं, पण कायमचा उपाय म्हणजे पावसाचं पाणी साठवून तेच घालणं.

खताचा नियम सोपा आहे. एप्रिलपासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दर दहा-बारा दिवसांनी नत्रयुक्त पातळ खत द्यावं. बाजूच्या फांद्या फुटून फुलोऱ्याचे बारीक तुरे दिसले की नत्र बंद करून टोमॅटोचं पालाशयुक्त खत सुरू करावं. त्यानंतरही नत्र देत राहिलं तर पानं गडद आणि लुसलुशीत होतात, शंकू कमी लागतात, आणि मावा व लाल कोळी अशाच पानांवर तुटून पडतात.

रोगांत पहिला मान डाउनी मिल्ड्यूचा, म्हणजे नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार ज्याला केवडा म्हणतात त्याच प्रकारचा. हॉप्सवरची बुरशी वेगळ्या जातीची आहे, आवड मात्र तीच: ओल आणि कोंदट हवा. वसंतात गड्ड्यातून काही कोंब खुरटे, फिकट, ठिसूळ निघतात, त्यांची पानं खाली वळलेली आणि पेरं जवळजवळ असतात. पान उलटलं की खाली राखाडी-जांभळट लव दिसते. हा कोंब मातीत बोट घालून मुळापासून उपटावा, पिशवीत बंद करून कचऱ्यात टाकावा, कंपोस्टमध्ये नाही. वेल दीड-दोन मीटर झाला की खालच्या 60 ते 90 सेंटिमीटरमधली सगळी पानं काढावीत म्हणजे बुडाशी हवा खेळते. पाणी सकाळी आणि बुडाशीच द्यावं. ब्रिटनमध्ये घरगुती बागेसाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) विकायला आता परवानगी नाही, त्यामुळे इथल्या वाचकांना ते शोधत फिरण्याचा सल्ला देऊ नये. भुरी पानाच्या वरच्या बाजूला पांढऱ्या ठिपक्यांनी सुरू होते. ठिपके दिसताच पान काढावं आणि वेलाची दाटी कमी करावी.

लाल कोळी दक्षिणेकडच्या तापलेल्या भिंतीजवळ हमखास येतो. पानावर बारीक फिकट ठिपके, मग कांस्यरंगी छटा, आणि खालच्या बाजूला जाळी दिसते. दर तीन दिवसांनी पानांच्या खालच्या बाजूवर जोराने पाणी मारावं, दोन आठवडे खंड न पाडता. मावा मे-जूनमध्ये आलुबुखार आणि ब्लॅकथॉर्नसारख्या झाडांवरून उडत येतो. पोटॅशियम साबणाचं द्रावण पानांच्या पाठीवर फवारलं तर आवरतो, पण शंकू धरायच्या आत. एकदा तो शंकूच्या पाकळ्यांत शिरला की आतून काळी बुरशी धरते आणि ते शंकू कामाचे राहत नाहीत.

दोन रोगांवर उपाय नाही आणि तिथे भावनेत अडकू नये. मर रोगात पानांवर शिरांच्या मधोमध वाघाच्या पट्ट्यांसारखे पिवळे-तपकिरी पट्टे येतात, बुडाशी खोड फुगतं आणि कापल्यास आतलं लाकूड तपकिरी दिसतं. याच रोगाने केंटमधल्या फगलच्या बागा उजाड केल्या. बुरशी मातीत वर्षानुवर्षं जगते, म्हणून वेल मातीसकट टाकावा आणि कुंडी घासून धुवावी. दुसरा मोझॅक विषाणू. पानांवर फिकट-गडद ठिगळं येतात, कडा खाली वळतात आणि शेंडा दोरी सोडून लोंबतो. गोल्डिंग वाण याला फार लवकर बळी पडतो. अशा वेलाची कलमं कुणालाही देऊ नयेत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वेल वाळतो तेव्हा ‘मेला’ म्हणून कुंड्या रिकाम्या केल्या जातात. तो झोपलेला असतो. वेल पूर्ण तपकिरी होईपर्यंत कापू नये, कारण तोवर पानांतला अन्नसाठा गड्ड्यात उतरत असतो. मग जमिनीपासून 15 सेंटिमीटरवर कापावा आणि कुंडीभोवती गोणपाट किंवा बबल रॅपचे दोन थर गुंडाळावेत. जमिनीतला गड्डा कडाक्याची थंडी सोसतो, पण कुंडीत चारही बाजूंनी गारठा शिरतो. पाणी महिन्यातून एकदा, तेही माती सुकली असेल तरच. ऊबदार घरात मात्र नेऊ नये. थंडी मिळाली नाही तर हॉप्स फुलतच नाही, ही जुनी समजूत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने खोडून काढली आहे. पण हिवाळ्यात घरात उजेड अपुरा असतो आणि त्यात फुटलेले कोंब फिकट, लांबट निघून गड्ड्याची शिल्लक खाऊन टाकतात. दर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीअखेर, डोळे हलायच्या आत, गोळा बाहेर काढून बाहेरची एक तृतीयांश मुळं आणि कुंडीला वळसे घालणारी मूळखोडं कापावीत आणि ताजी माती भरावी. एवढं केलं तर एकाच कुंडीत वेल दहा वर्षं टिकतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी कुंडीत हॉप्स लावावा का, असंही एका पत्रात विचारलं होतं. 2021 मध्ये बिहारमधल्या औरंगाबाद जिल्ह्यात लाख रुपये किलोचे ‘हॉप शूट्स’, म्हणजे हॉप्सचे कोवळे कोंब, पिकतात अशी बातमी देशभर फिरली होती. शोध घेतला तेव्हा त्या शेतात असं पीक नव्हतंच. भारतात हॉप्स पिकवला जातो तो हिमाचलमधल्या लाहौलसारख्या उंच, थंड खोऱ्यात. महाराष्ट्रातली अडचण उकाड्यापेक्षा दिवसाच्या लांबीची आहे. लंडनला जूनमधला दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो. त्या दिवसांत वेल उंच चढतो आणि दिवस लहान होऊ लागले की फुलतो. पुण्यात 21 जूनचा दिवसही सव्वातेरा तासांचाच. वेलाला वाटतं फुलायची वेळ झाली, आणि तो कमरेएवढा असतानाच दोन-चार शंकू धरून थांबतो. त्यात पावसाळ्यातली कोंदट हवा डाउनीला आवतण. दक्षिण आफ्रिकेतल्या जॉर्ज भागात रात्री दिवे लावून दिवस लांबवत आणि पुढे लहान दिवसांना चालणारे वाण काढून हॉप्स पिकवला गेला, तेव्हा अशक्य काही नाही. हौस असेल तर वेल चढेपर्यंत एलईडी दिव्याने एकूण सोळा-सतरा तास उजेड द्यावा आणि दोन-अडीच मीटर झाल्यावर दिवा बंद करावा.

मूळखोड मात्र सामानात लपवून आणू नये. वनस्पती आयातीसाठी परवाना आणि त्या देशाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नियम जाचक वाटला तरी वरचे रोग मूळखोडांतूनच प्रवास करतात. हॉप्स लावायला बंदी नसली तरी महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, हेही लक्षात असू द्यावं.

शेवटी काढणीचं. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये शंकू कागदासारखा कुरकुरीत लागतो, दाबून सोडला की परत फुगतो आणि उघडल्यावर आत गडद पिवळी भुकटी दिसते, तेव्हा तोडावा. तोडताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालावेत, खोडाच्या केसांनी अंगावर चट्टे उठतात. जाळीवर पातळ पसरून 50 अंशांच्या आत, पंख्याखाली वाळवावेत. मधला देठ वाकवल्यावर कटकन मोडला की वाळले. घरात कुत्रा असेल तर ओले, वाळलेले आणि उकळून काढलेले शंकूही त्याच्या तोंडी लागणार नाहीत असे ठेवावेत. हॉप्स खाल्ल्याने कुत्र्याच्या शरीराचं तापमान धोकादायकरीत्या चढतं आणि तो दगावू शकतो. खाल्ल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावं.

आपला विश्वासू,
एक वाचक, केंट, इंग्लंड